जुळ्या नकोत

नवी पेठेत इलियासभाईच्या काउंटरवर
चार खोकी मांडलीयत.
बाहेर त्रेचाळीस अंश, आत कूलरमधलं पाणी संपलेलं.
"एसएसडीच घ्या सगळ्या," तो म्हणतो, "उडतात नुसत्या."
उडतात, मान्य.
पण मला एकट्या वैशाखात एकतीस लग्नं आहेत,
दोन कॅमेरे, वर एक ड्रोन,
आणि प्रत्येक मुलीचा बाप म्हणतो, काही कापू नका.

हिशेब विजेच्या बिलामागे लिहून आणलाय.
सिस्टिमला छोटी एसएसडी, पाचशे जीबी.
चालू कामाला दुसरी, वेगळी,
कारण एकाच ताटात सगळ्यांनी हात घातला
की टाइमलाइन अडखळते,
नवरीचा हार हवेतच थांबतो.
मग साठवणीला फिरणाऱ्या. चार टेराबाइटच्या.
दोन.

"दोन कशाला?"

मागच्या महिन्यात गाजुल बंधू आले,
मल्लेशम आणि चिन्नय्या,
एका स्कूटरवर, एकमेकांशी न बोलता.
बहिणीचं लग्न मीच शूट केलेलं, नऊ वर्षांपूर्वी.
आता वाटणीत प्रश्न निघालेला,
आहेरातला फ्रिज कुणी दिला?
"माइकवर नाव पुकारलंय की. तुमच्याकडं असंल."
असणारच, म्हटलं,
आणि कपाटातून ड्राइव्ह काढली,
माझ्याच अक्षरातलं साल तिच्यावर.
लावली.
टक्. टक्. टक्.
मग गप्प.
मग पुन्हा टक्.

वडील आत पेपर वाचत होते.
बत्तीस वर्षं यंत्रमागावर,
डावा कान कारखान्यातच राहिला.
उजव्याला लावून म्हणाले,
"धोटा अडकलाय हिचा,"
आणि परत दिली,
जॉबर आला की सुरू होईल अशा बेतानं.

पुण्याच्या माणसानं फोनवर बावीस हजार सांगितले.
निघेलच असं नाही, हेही सांगितलं.
फ्रिज तेव्हा अकराचा होता.
दोघे भाऊ एकदमच हसले
आणि आपण हसतोय हे कळताच थांबले.
जाताना चिन्नय्या मागे बसला नाही.
चालत गेला, त्या उन्हात.

तर दोन, इलियासभाई.
एक बहात्तरशे फेऱ्यांची,
दुसरी चौपन्नशेची चालेल,
तिला पळायचं नाही, नुसतं ध्यानात ठेवायचंय.
तो म्हणतो, मग आरसा लावा ना,
एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप.
आरशात चूकही उमटते, भाई.
चुकून पुसलं की दोन्हीकडं पुसलं.
मी आपला रात्री जेवून हातानंच उतरवीन.

आणि एका लॉटच्या नकोत.
जुळ्या एकत्र आजारी पडतात.
नंबर बघायला तो चष्मा शोधतो,
चष्मा कपाळावरच असतो.
दुसरी कंपनी गोडाऊनमधून मागवतो, पोऱ्याला पिटाळून.
"भावात काही होणार नाही मग."
नको होऊ दे.

शनिवारी दुपारी कॉपी लावली
ती रविवारी सकाळी संपली, एकदाच लाइट गेली,
यूपीएसनं तग धरला.
टॉवेलात गुंडाळून, डिकीत नाही, मांडीत घेऊन
रिक्षानं विडी घरकुलात अक्काकडे.
एका छपराखाली दोन्ही ठेवल्या
तर एकच ठेवल्यासारखं.

नरसम्माक्का पानं कापत होती.
"काय हाय ह्यात?"
"दोनशे अकरा लग्नं. तुझंसुद्धा, कॅसेटवरनं उतरवलेलं."
तिनं कात्री खाली ठेवली, हात पदराला पुसले,
कारखान्याची पानं तोलते तशी तळहातावर तोलली.
"साडेसहाशे ग्राम."
कोरी होती तेव्हाही तेवढीच होती.
मी बोललो नाही.

कपाटाच्या वरच्या खणात,
पासबुकांच्या पिशवीमागे तिनं ती सरकवली,
किल्ली कमरेला खोचली, पुन्हा सूप पुढं ओढलं.
गाजुलांचं तिच्या कानावर आलेलं असणार.
बऱ्याच वेळानं, पानावरची नजर न उचलता म्हणाली,
"माझ्यात फ्रिज नव्हता हं.
बघून ठेव."